छोट्या लाईनीचा दंडुका

हा लेख खरं तर माझ्या मोठ्या भावाने लिहायचा होता. आमच्या मंडळाने यंदा दसऱ्याला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात छोटं प्रदर्शन ठेवलंय, दिल्लीत येऊन राहिलेल्या मराठी घरांमधल्या जुन्या वस्तूंचं, आणि त्याबरोबर एक स्मरणिका निघणार आहे. आमचे वडील संस्थानाच्या छोट्या रेल्वेवर स्टेशनमास्तर होते हे मंडळातल्या जुन्या लोकांना माहीत. म्हणून दादाला सांगण्यात आलं की छोट्या लाईनीचा इतिहास तुम्हीच लिहा. दादा शहाऐंशी वर्षांचा, केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, नियमाचं पुस्तक तोंडपाठ असलेला माणूस. मी त्याची धाकटी बहीण, तिसरीपर्यंत शाळेत गेलेली, फरीदाबादला मुलाकडे राहणारी. माझं काम एवढंच होतं की त्याने फोनवर सांगायचं आणि मी लिहून काढायचं. त्याचा हात आता कापतो, आणि त्याच्या गुरुग्रामच्या घरात मराठी लिहिणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

दोन दिवस छान चाललं. सकाळचा चहा झाला की मी वही घेऊन बसायची, तो सांगायचा, मी लिहायची. तिसऱ्या दिवशी त्याने एक वाक्य सांगितलं. "घे लिहून. आमच्या वडिलांनी एकदा टोकन हरवलं आणि ऐन दसऱ्याला गाडी तीन तास खोळंबली. त्या विसराळूपणाची शिक्षा सगळ्या घराला झाली." माझं पेन थांबलं.

"लिहिलंस का?" पलीकडून आवाज आला.

"लिहिलं," मी म्हटलं. लिहिलं नव्हतं. त्या जागी मी दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

कारण ते वाक्य खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे जिवंत माणसांमध्ये एकट्या मलाच माहीत होतं. मी गप्प बसले असते तर ते छापून आलं असतं, आणि आमच्या बाबांची या जगात उरलेली एकुलती एक लेखी नोंद अशी राहिली असती की हा माणूस टोकन हरवायचा. ते मला बिल्कुल होऊ द्यायचं नव्हतं. पण खरं सांगायचं तर दादाला सांगायला हवं होतं, आणि त्याची मला सत्तर वर्षं भीती वाटत आली होती.

थांबा, आधी रेल्वेचं सांगते, नाहीतर तुम्हाला कशाचाच कशाला पत्ता लागायचा नाही. आणि हो, यात कुणाचंच नाव घालणार नाही, संस्थानाचंसुद्धा. ही दादाची अट आहे. का, ते पुढे येईलच.

आमचं संस्थान इकडे उत्तरेतलं, पण राजा मराठी, दरबार मराठी, आणि त्याच्याबरोबर शे-दोनशे वर्षांपूर्वी वर आलेली आमच्यासारखी घरंही मराठी. बाबा सांगायचे की ही रेल्वे आधी गंमत म्हणून आली. राजाला आगगाडीचं भारी वेड. राजवाड्याच्या बागेत पाहुण्यांना फिरवून आणायला त्याने एक चिमुकली गाडी घातली. मग केव्हातरी दुष्काळ पडला, लोकांच्या हाताला काम द्यायला हवं होतं, तेव्हा त्याच चिमुकल्या मापाचे रूळ शहराबाहेर टाकायला सुरुवात झाली आणि टाकता टाकता ते पार जंगलापर्यंत गेले. आता हा इतिहास म्हणून किती खरा ते दादा बघेल, मी बाबांच्या तोंडून ऐकलेलं सांगतेय. दोन रुळांमधलं अंतर दोन फूट. माझी लहानपणची एक उडी. डबे असे की समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागायचे, त्यामुळे ओळख करून घ्यावीच लागायची. सरदार मंडळींसाठी एक गादीचा डबा असायचा, त्याच्या दारावर संस्थानाचं चिन्ह. संस्थान विलीन झालं, मोठ्या रेल्वेने ही छोटी लाईन आपल्यात घेतली, त्या चिन्हावर तपकिरी रंगाचा हात फिरला. पण ऊन तिरपं पडलं की रंगाखालून ते चिन्ह उठून दिसायचं. लोक म्हणत राहिले, महाराजांची गाडी.

अलीकडेच ते रूळ उखडून रुंद रूळ टाकायचं काम काढलं. नातवाने मला मोबाईलवर चित्रं दाखवली. मी म्हटलं चांगलंच झालं, त्या लोकांना वेगाची गाडी मिळायलाच हवी. रडबिड मला आलं नाही. पण एक मात्र सांगते, ती गाडी चालायची कशी हे आता कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

एकेरी लाईन. एकच रूळजोडी, गाड्या येणार त्याही तिच्यावरून आणि जाणार त्याही तिच्यावरूनच. समोरासमोर आल्या तर? तर त्यासाठी प्रत्येक दोन स्टेशनांच्या मध्ये एक लाकडी दांडका ठरलेला असायचा. हातभर लांबीचा, दोन्ही टोकांना पितळेची कडी आणि मध्ये पितळेची पट्टी, त्या पट्टीवर दोन्ही स्टेशनांची नावं. ज्या ड्रायव्हरच्या हातात तो दांडका, त्यानेच त्या टप्प्यात गाडी घालायची. दांडका नाही तर इंजिन जागचं हलणार नाही, मग आत खुद्द महाराज बसलेले असोत. पुस्तकात त्याला टोकन म्हणत, लाईनीवरची माणसं डंडा म्हणत आणि आमच्या घरात आम्ही दंडुका म्हणायचो. बाबा मला म्हणायचे, "गाडी वाफेवर चालते असं लोकांना वाटतं. गाडी या दंडुक्यावर चालते."

आमचं स्टेशन लहान, पण दोन गाड्यांची गाठ पडायची ती आमच्याकडे. शहराकडून येणारी गाडी सकाळी साडेदहाच्या सुमाराला यायची आणि तिच्या मागोमाग जंगलाकडून येणारी. शहराच्या बाजूचा दंडुका घेऊन पहिली गाडी आली की तो दंडुका बाबांकडे, आणि बाबांकडून तो दुसऱ्या गाडीला, की ती गाडी तोच घेऊन शहराकडे मोकळी. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. असा तो बिचारा दिवसभर फिरत असायचा. आमच्या स्टेशनात त्याचा मुक्काम वीस मिनिटांचा.

आता नियम असा की ड्रायव्हरने दंडुका द्यायचा तो स्टेशनमास्तरच्याच हातात. तिसऱ्या कुणाच्या हातात नाही. पण शहराकडून येणाऱ्या गाडीचे ड्रायव्हर होते ना, त्यांना मी चाचा म्हणायची. पांढरी दाढी, डोळ्यांत कायम कोळशाची कणी गेल्यासारखी लाली. त्यांनी एक रिवाज पाडला होता. सुट्टीच्या दिवशी मी प्लॅटफॉर्मवर असले की ते इंजिनातून वाकून दंडुका माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "जाओ बिटिया, सरकारी डाक है." मग मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून धावत बाबांच्या ऑफिसात जायची आणि भिंतीवरच्या आकड्यात अडकवायची. वीस-पंचवीस पावलांचं अंतर. बाबांना माहीत होतं. ते बघायचे, मान हलवायचे, आणि काही म्हणायचे नाहीत. लाईनीवर अशा पुष्कळ गोष्टी चालायच्या, पुस्तकात नसलेल्या, आणि कुणाचं कधी काही बिघडलं नव्हतं.

मग तो दसरा आला. मी आठ वर्षांची, दादा चौदाचा.

दादा रोज गाडीने शहरातल्या हायस्कूलला जायचा. त्या वर्षी त्याला शाळेच्या स्काउटच्या तुकडीत घेतलं होतं आणि दसऱ्याच्या सवारीत, म्हणजे महाराजांची जी मिरवणूक निघायची तिच्यात, ती तुकडी चालणार होती. संस्थान नव्हतं, पण सवारी निघायची. आईने त्याची खाकी अर्धी चड्डी तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. तो सकाळपासून खाली बसत नव्हता, चुणी पडेल म्हणून.

आमच्या क्वार्टरमध्ये सकाळीच पूजा मांडलेली. ज्याचं जे हत्यार ते पाटावर. बाबांचा जादा बावट्यांचा जोड, एक हिरवा एक लाल, त्यांचा हातकंदील, आईची कात्री आणि विळी, दादाची पुस्तकं, माझी पाटी. झेंडू, आपट्याची पानं, हळदकुंकू. आणि बाबांचा कडक दंडक, पूजेला ठेवलेल्या वस्तूला संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत हात लावायचा नाही. एकदा दादाने पुस्तक उचललं होतं तेव्हा बाबांनी त्याला असं काही सुनावलं होतं की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पूजेतली वस्तू त्या दिवशी देवीची, असं ते म्हणाले होते.

मी पाटासमोर बसून बघत होते आणि मला फार मोठा अन्याय दिसला. बावट्यांची पूजा झाली, कंदिलाची झाली, विळीचीसुद्धा झाली, आणि ज्याच्यावर सगळी गाडी चालते त्या दंडुक्याची पूजा कुणीच करत नाही. कशी करणार? तो थांबतोच कुठे. या स्टेशनात वीस मिनिटं, त्या स्टेशनात वीस मिनिटं, लाईनीवरच्या कुठल्याच घरात त्याला पाट मिळत नाही.

साडेदहाची गाडी आली. इंजिनाला झेंडूचे हार, चाचांच्याही टोपीला कुणीतरी एक फूल खोचलेलं. त्यांनी दंडुका दिला, म्हणाले, आज बडा दिन है, संभाल के. बाबा पलीकडच्या टोकाला होते, मी आलेय हे त्यांनी बघितलंच नाही. एक बडं कुटुंब सवारी बघायला शहरात निघालं होतं, त्यांच्या पेट्या आणि त्यांची म्हातारी माणसं गादीचा डबा थांबतो त्या जागेवर उभी करून ठेवण्यात बाबा गुंतलेले. जंगलाकडची गाडीही आलीच. तिकडचा दंडुका बाबांनी स्वतः घेऊन चाचांना दिला, चाचांची गाडी पुढे जंगलाकडे निघून गेली. आणि मी? मी ऑफिसात गेलेच नाही. मी तशीच मागच्या दाराने घरी गेले, दंडुका पाटावर आडवा ठेवला, दोन्ही टोकांना कुंकू लावलं, पितळेच्या पट्टीवर हळद, वर झेंडूचं एक मोठं फूल. नमस्कार केला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग बाहेर गलका सुरू झाला.

बाबा आकड्याशी गेले तर आकडा रिकामा. टेबलाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. गाडी उभी, आत सणाचे कपडे घातलेली माणसं, गादीच्या डब्यातलं बडं कुटुंब घड्याळ बघतंय. सगळ्यांना वाटलं की चाचांनीच घाईत आपल्याबरोबर नेला. पण विचारायचं कसं? चाचांची गाडी पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत फोन करून उपयोग नव्हता, आणि छोटी गाडी, ती पोचायला दीड तासाच्या वर घ्यायची.

मला हे सगळं ऐकू येत होतं. मी पाटासमोर बसून होते. तुम्ही म्हणाल, अगं मग उठून सांगायचं ना. पण पूजेतली वस्तू त्या दिवशी देवीची. ती उचलली तर काय होईल हे मला माहीत नव्हतं, आणि न उचलली तर काय होतंय ते खिडकीतून दिसत होतं. आठ वर्षांच्या डोक्यात दोन भीती एकदम मावत नाहीत, मोठी असेल ती उरते. मी देवीच्या बाजूने बसले.

शेवटी अडीच तास उलटून गेल्यावर पुढच्या स्टेशनावर फोन लागला. फोन ठेवून बाबा सरळ घरी आले. मी पाटासमोर हात पसरून उभी राहिले. त्यांनी आधी वाकून पूजेला नमस्कार केला, मग माझ्या खांद्याला धरून मला बाजूला सरकवलं, फूल काढून देवीपुढे ठेवलं आणि दंडुका उचलला. दारापर्यंत गेले आणि परत आले. माझ्यासमोर उकिडवे बसले.

"चाचांनी दंडुका माझ्या हातात दिला. तुला कुणी दिला नाही. कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"मला कुणी दिला नाही."

"आणि इथे कुणी ठेवला?"

याचं उत्तर त्यांनीच दिलं. "मी ठेवला. विसरलो." आणि गेले.

गाडी गेली, पण सवारी संपून गेल्यावर शहरात पोचली. दादा गेलाच नाही. गादीच्या डब्यातल्या कुटुंबाने वर तक्रार केली. चौकशी झाली. बाबांनी लेखी दिलं की पूजेच्या गडबडीत टोकन माझ्याकडून घरी राहिलं. त्यांची बदली झाली लाईनीच्या पार शेवटच्या टोकाला, जंगलात, जिथून शहराला जाऊन त्याच दिवशी परत येता यायचं नाही. दादाचं हायस्कूल सुटलं. त्याला दिल्लीला मामाकडे पाठवलं, करोलबागेत, तिथे तो मामेभावंडांच्या खोलीत एका ट्रंकेवर वह्या ठेवून शिकला. पुढे नोकरीला लागला, मोठा झाला, सगळं झालं. पण बाबांच्या घरी तो परत राहायला म्हणून कधी आला नाही. सुट्टीत यायचा, चार दिवस पाहुण्यासारखा बसायचा. "बाबांच्या विसराळूपणाने माझं घर गेलं," हे वाक्य मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलंय, मोजदाद नाही. आणि दर वेळी मी ताट वाढत राहिले, नाहीतर काहीतरी निवडत राहिले.

बाबांनी असं का केलं ते मला माझ्या लग्नात कळलं. चाचा निवृत्त झाले होते, तरी दोन गाड्या बदलून आले. मांडवाच्या मागे मला बाजूला घेऊन म्हणाले, "बिटिया, उस दिन फोन पे मैंने कहा था, डंडा तो बिटिया को दिया. तेरे बाबूजी बोले, नहीं, आपने मुझे दिया था, याद कीजिए. बस, इतना ही बोले." पोराच्या हातात टोकन दिलं असं कागदावर आलं असतं तर चाचांची नोकरी त्याच दिवशी संपली असती. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, घरात खाणारी माणसं नऊ.

तर अशी ती गोष्ट. आता त्या कोऱ्या दोन ओळींकडे येते.

चौथ्या दिवशी मी दादाला फोन केला नाही. साडी नेसले, वही पिशवीत घातली आणि सुनेला सांगितलं की गुरुग्रामला जातेय. सून म्हणाली, आई, कॅब करून देते ना, एकट्या कशाला जाताय, गुडघ्यांचं काय. मी म्हटलं, मेट्रोने जाते, रूळ असले की मला धीर असतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्टेशनपर्यंत सोडायला आली, आणि केंद्रीय सचिवालयाला गाडी बदलायची हे तीनदा सांगितलं. मी म्हटलं, अगं, मी स्टेशनमास्तरची मुलगी आहे.

दादाचं घर बाराव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये मी ठरवलं की पाणीसुद्धा घ्यायचं नाही, आधी सांगायचं. पाणी घेतलं की माणूस पाहुणा होतो.

तो खिडकीशी खुर्चीत बसलेला. म्हणाला, "तू इकडे कशी? मजकूर पूर्ण झाला का?"

"नाही झाला. ते एक वाक्य मी लिहिलेलं नाही."

"कुठलं?"

"बाबांनी टोकन हरवलं ते. बाबांनी नाही हरवलं. मी घरी नेलं होतं, पूजेला."

त्याने चष्मा काढला. "तू आठ वर्षांची होतीस."

"मग? हात होते की मला."

मी सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसं, फक्त इतकं धड नाही. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर मात्र त्याच्यातला साहेब आधी जागा झाला. म्हणाला की टोकन तिसऱ्याच्या हातात देणं हा ड्रायव्हरचा गुन्हा, ते चालू देणं हा स्टेशनमास्तरचा गुन्हा, आणि चौकशीत खोटं लिहून देणं हा तिसरा. तिन्ही बरोबर. मी म्हटलं, हो, पण त्यात विसराळूपणा कुठे आला ते सांग.

त्याने चष्मा परत लावला. मग म्हणाला, "ड्रायव्हरची नोकरी वाचवली आणि माझं घर घालवलं."

"घर मी घालवलं, दादा. सत्तर वर्षं तू चुकीच्या माणसावर रागावलास. आता माझ्यावर रागाव."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

हे विचारणार हे मला माहीत होतं, आणि उत्तर मेट्रोत पाठ केलं होतं, तरी ते आठवलं नाही. जे आलं ते सांगितलं. आधी बाबांनी सांगितलं होतं म्हणून. मग चाचा नोकरीत होते म्हणून. आणि मग, चाचाही गेले, बाबाही गेले, तेव्हा कारण उरलं नाही, नुसती भीती उरली. तू बाबांकडे चार दिवस पाहुण्यासारखा यायचास. मला वाटलं, हे कळलं की माझ्याकडे तेवढाही यायचा नाहीस.

तो उठला, काठी घेतली आणि आतल्या खोलीत गेला. दार लावलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

मी बसून राहिले. त्याची नात कॉलेजमधून आली, मला एकटीला बघून गोंधळली, चहा विचारला. मी नको म्हटलं. तिने दारावर टकटक करायला हात उचलला तर मी तिला खुणेने थांबवलं. मी ठरवूनच आले होते की उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही, मग ते उत्तर "परत येऊ नकोस" असं का असेना. वही मांडीवर ठेवली होती, कोऱ्या ओळींचं पान उघडून. सुनेचे दोन फोन आले, मी दोन्ही वेळा सांगितलं, गाडी उभी आहे, अजून सुटली नाही. तिला काय कळलं कोण जाणे.

ऊन खिडकीतून सरकून सोफ्यावर आलं तेव्हा कडी निघाली. दादा बाहेर आला आणि समोर न बसता माझ्या शेजारी बसला.

"आणि तुझी शाळा?" तो म्हणाला.

"माझी शाळा कुठे आली यात?"

"त्या टोकाच्या गावात मुलींची शाळा नव्हती. तिसरीनंतर तू घरी बसलीस. मी ट्रंकेवर का होईना, शिकलो. तू काय वाचायचीस?"

मी सांगितलं, वेळापत्रक वाचायचे. पार्सलांवरच्या चिठ्ठ्या वाचायचे. बाबा शहरातून येणाऱ्या वर्तमानपत्राची रद्दी मागवायचे, ती वाचायचे. "आणि मीच केलेलं होतं ना, मग माझी शाळा गेली तर ते बरोबरच झालं."

"बरोबर नाही झालं," दादा म्हणाला. त्याचा आवाज साहेबाचा नव्हता. "आठ वर्षांच्या मुलीने पूजा केली. एवढंच झालं."

इतक्या वर्षांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा.

मग तो म्हणाला, ते वाक्य काढून टाक. मी नाही म्हटलं. काढायचं नाही, बदलायचं. नुसतं काढलं तर गादीच्या डब्यातल्या लोकांची तक्रार खरी राहते आणि बाबांचा जबाब खरा राहतो. त्यावर आमचं भांडण झालं, अगदी लहानपणी व्हायचं तसं, नात दारात उभी राहून बघत होती. शेवटी त्याने ऐकलं, पण अट घातली की कुणाचं नाव, गावाचं नाव काही यायला नको. चाचांची नातवंडं कुठेतरी असतील, कुणी सांगावं, रेल्वेतच असतील. बाबांनी सत्तर वर्षांपूर्वी ज्यांना सांभाळलं त्यांना आपण आता छापून उघडं पाडायचं नाही. हे त्याला सुचलं, मला नाही.

"आणि तीन तास लिहू नकोस," तो म्हणाला. "दोन तास पन्नास मिनिटं. मी प्लॅटफॉर्मवर उभा होतो, स्काउटच्या कपड्यांत."

"चुणी पडेल म्हणून बसला नव्हतास."

"बसलो नव्हतो." तो खिडकीबाहेर बघत होता. "बाबा दंडुका घेऊन आले तेव्हा त्याच्यावर कुंकू होतं. त्यांनी पुसलं नव्हतं. ड्रायव्हरने हातात घेतला तर त्याचा अंगठा लाल झाला. तेवढं बघूनच मी ठरवलं, की पूजेच्या नादात विसरले. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच बघितलं होतं."

मग त्याने पाणी मागवलं, दोघांसाठी. मी प्याले.

लेख तूच लिही, असं त्याने त्याच दिवशी सांगितलं. रुळांचं माप आणि टोकनाचे नियम त्याने तपासून दिलेत, तेवढ्याची जबाबदारी त्याची, बाकी सगळं माझं. त्या कोऱ्या दोन ओळींत आता असं आहे: दसऱ्याच्या दिवशी टोकन मी घरी नेलं. माझे वडील काहीही विसरले नव्हते.

प्रदर्शनात आम्ही बाबांचा हिरवा बावटा ठेवतो आहोत. पूजेतल्या जोडातला, माझ्याकडे होता, रंग उडून पोपटी झालाय. खाली चिठ्ठी लावायची होती. नात म्हणाली, छापून देते, दोन मिनिटांचं काम. दादा म्हणाला, नको, पेन दे. "आमचे वडील, स्टेशनमास्तर, छोटी लाईन," एवढेच शब्द. त्याच्या कापऱ्या हाताला त्यासाठी अर्धा तास लागला, तीन कागद वाया गेले. मी शेजारीच बसले होते. लिहून देऊ का, असं मी विचारलं नाही.